दूध पाजताना ठसका? छातीच्या सोनोग्राफीतल्या या चुका टाळा

आठ महिन्यांचं बाळ, तिसऱ्यांदा ‘न्यूमोनिया’. मी त्याला उताणं झोपवलं, पुढून प्रोब फिरवला, फुप्फुसं स्वच्छ दिसली आणि ‘नॉर्मल’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आजीने त्याला खांद्यावर टाकलं होतं, म्हणून सहज पाठीला प्रोब लावला. उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला, मणक्यालगत, यकृतासारखा घट्ट भाग, म्हणजे हवा जाऊन भरीव झालेलं फुप्फुस. त्यात हवेच्या पांढऱ्या रेघा श्वासागणिक हलत होत्या.

पहिली चूक हीच. आडव्या बाळाच्या श्वासनलिकेत गेलेलं दूध मागे उतरतं: फुप्फुसाच्या वरच्या लोबचा (कप्प्याचा) मागचा भाग, खालच्या लोबचा वरचा भाग, आणि बहुतेकदा उजवीकडे. फऱ्याचं हाड आड येतं, तेव्हा बाळाचा हात पुढे ओढून घ्या. खांद्यावर टाकलेल्या बाळाचा तो आपसूक पुढे येतो.

पुढून बघताना फसगत उलटी होते. थायमसला, म्हणजे छातीच्या हाडामागच्या ग्रंथीला, कितीतरी जणांनी न्यूमोनिया ठरवलं असेल! तो दाणेदार दिसतो, पण त्यात हवेच्या रेघा नसतात. डावीकडे खाली, नुकत्याच प्यायलेल्या बाळाचं जठर तर हमखास चकवतं: गढूळ पाणी, मध्ये चमकणारी हवा. आधी श्वासपटल शोधा, मग बोला.

लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, प्रोब घ्या. मशीनमधल्या हार्मोनिक्स आणि कंपाउंड इमेजिंग या सोयी बंद ठेवा, नाहीतर चित्र गुळगुळीत होतं आणि बी-लाइन्स (फुप्फुसाच्या कडेपासून खाली जाणाऱ्या उभ्या चमकदार रेघा) पुसट. जेल कोमट हवं. गार जेल लागलं की बाळ किंचाळतं, आणि गप्प करायला कुणीतरी आडव्याच बाळाच्या तोंडात बाटली देतं. ठसक्याचा धोका आहेच, वर पाजण्याआधीचं चित्रही हातचं जातं. बरगड्यांच्या एका फटीत तीन-चार बी-लाइन्स ब्रॉन्किओलायटिसमध्येही (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) दिसतात. त्याच जागा पाजण्याआधी आणि नंतर पाहिल्या, तरच त्यांचा दुधाशी संबंध जोडायचा विचार करता येतो.

नंतरचं चित्र स्वच्छ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. काही बाळांचं दूध खोकल्याशिवायच वाट चुकतं. छातीच्या सोनोग्राफीत फुप्फुस दिसतं, गिळणं नाही. त्यासाठी व्हिडिओफ्लुओरोस्कोपी (गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ) किंवा नाकातून घातलेली दुर्बीण लागते.

त्या बाळाच्या आईला मी म्हटलं, “घरी पाजता तसं पाजून दाखवा.” आजींनी पिशवीतून बाटली काढली. निपलचं भोक तापल्या सुईने मोठं केलेलं.

“पटकन संपवतो हो,” आजी म्हणाल्या.