व्हॅक्यूम फॉर्मिंगचा पार्ट डिझाइन करताना: शीट आधी कुठे टेकते?

इंजेक्शन मोल्डिंगची (वितळलेलं प्लास्टिक दाबाने बंद साच्यात भरायचं) डिझाइन्स करता करता मी व्हॅक्यूम फॉर्मिंगकडे वळलो, म्हणजे प्लास्टिकची शीट गरम करून, साच्यातली हवा काढून ती साच्यावर बसवायची. पहिलाच पार्ट होता एका यंत्राचं झाकण, खोल आणि चौकोनी, कोपरे अगदी टोकदार. सवयीप्रमाणे कॅडमध्ये सगळीकडे सारखी 3 मिमी जाडी दिली. नमुना आला तेव्हा मशीनवरच्या ऑपरेटरने तो उजेडासमोर धरला. काठाशी प्लास्टिक घट्ट पांढरं, पण चारही कोपऱ्यांतून उजेड आरपार येत होता. अंगठ्याने दाबलं तर कोपरा आत गेला आणि तिथे पांढरा डाग उरला.

तेव्हा कळलं, की इथे आपण आकार काढत नाही, शीटचं ताणलं जाणं ठरवतो. गरम शीट साच्याला जिथे आधी टेकते तिथे ती थंड होऊन अडकते, जवळजवळ मूळ जाडीतच. उरलेला आकार मग न टेकलेल्या भागाला ताणून भरावा लागतो. फिमेल मोल्डमध्ये, म्हणजे खोलगट साच्यात, तळाचे कोपरे शेवटी भरतात, म्हणून ते सर्वांत पातळ. मेल मोल्डवर, म्हणजे उंचवट्याच्या साच्यावर, उलट: माथा जाड, खाली उतरताना भिंती पातळ.

हिशेब साधा आहे. 200 × 200 मिमीचा, 100 मिमी खोल ट्रे घ्या. तोंडाचं क्षेत्रफळ 400 चौ. सेमी, तळ आणि चार भिंती मिळून 1200 चौ. सेमी. म्हणजे शीट तिप्पट ताणली जाणार, 3 मिमीची सरासरी 1 मिमी होणार, आणि कोपऱ्यात त्याहूनही कमी. हा हिशेब ड्रॉइंग पाठवण्याआधीच करा, मी तो नंतर केला.

आकडेमोडीपेक्षाही मला जास्त शिकवलं ते एका मार्करने. फॉर्म करण्याआधी शीटवर 10 मिमीच्या चौकटी आखायच्या आणि मग पार्ट काढायचा. काठाजवळच्या चौकटी तशाच राहतात, भिंतीवर लांबट होतात, कोपऱ्यात चांगल्याच फुगून पसरतात. कुठे गोलाई वाढवायची, कुठे खोली कमी करायची, कुठे प्लग (ढकलायचा ठोकळा) लावून शीट आधीच खाली ढकलायची, हे त्या चौकटींकडे पाहूनच ठरवता येतं. नवीन आलेल्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात हे करावं असं मला मनापासून वाटतं.

व्हॅक्यूम शीटला ओढतो असं आपण म्हणतो, पण काम करतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि तो जास्तीत जास्त 1 बार. इंजेक्शनमध्ये शेकडो बार मिळतात. म्हणून बारीक अक्षरं, धारदार कडा इथे मागू नका, आणि आतली गोलाई निदान शीटच्या जाडीइतकी तरी ठेवा. साच्यातली हवा काढणारी भोकं मिलिमीटरच्या आतबाहेर असतात. ती शेवटी भरणाऱ्या कोपऱ्यांतच हवीत, नाहीतर हवा तिथेच कोंडते.

उताराबाबत, म्हणजे पार्ट साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना दिलेल्या तिरकेपणाबाबत, कंजुषी करू नका. पार्ट थंड होताना आकसतो, मेल मोल्डला घट्ट धरून बसतो. तिथे मी 4-5 अंश देतो. फिमेलमध्ये तो भिंतीपासून सुटतो, त्यामुळे 2-3 अंशांत भागतं. उंच मेल मोल्डचे उभे कोपरे जवळजवळ असले तर मधलं जास्तीचं प्लास्टिक चुणी होऊन चिकटतं, आणि ती चुणी नंतर काढता येत नाही.

प्लास्टिक एबीएस किंवा पॉलीकार्बोनेट जातीचं असेल तर शीट आधी वाळवलेली आहे ना, हे विचारा. ओलावा राहिला की गरम होताना पृष्ठभागावर बुडबुडे येतात आणि दोष डिझाइनवर येतो.

ड्रॉइंगवर मी आता दोन गोष्टी न चुकता लिहितो. मापं साच्याला टेकणाऱ्या बाजूची, कारण नेमकं तेवढंच मिळतं. आणि जाडी सगळीकडे एक न लिहिता प्रत्येक महत्त्वाच्या जागी 'किमान इतकी'. पहिला नमुना उभा कापून मागवतो आणि त्या जागांवर कॅलिपर लावून पाहतो.