सोलापुरात लिहिताय? मग संधीच्या बातम्या कुठं शोधायच्या, कुठल्या सोडून द्यायच्या

सोलापुरात कवितेच्या बातम्या कमी आहेत असं कुणी म्हणत असेल तर त्याचा मोबाईल बंद असणार. उलट इतक्या येतात की ऐन कामाची बातमी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते, आणि आपल्याला कळतं तेव्हा शाल-श्रीफळाचे फोटो पडलेले असतात आणि खाली पन्नास जणांनी अभिनंदन लिहून मोकळे झालेले असतात. मग आपण म्हणतो, यांचं सगळं आतल्या आत चालतं बघा. थोडं चालतंही, नाही कशाला म्हणू. पण बऱ्याच वेळा नोटीस रीतसर लागलेली असते, आपण बघायच्या जागी बघत नाही एवढंच.

तर आधी जागा. वाचनालयापासून सुरुवात करा, हिराचंद नेमचंद वाचनालयात महिन्यातनं दोनदा तरी चक्कर मारा, आणि पेपर वाचून परत येऊ नका, मासिकं चाळा. वाङ्मयीन मासिकांच्या शेवटच्या पानांवर आणि आतल्या कव्हरवर 'पुस्तके पाठवा', 'साहित्य मागवत आहोत' अशी निवेदनं असतात, ती व्हॉट्सॲपवर येतच नाहीत किंवा तारीख कापून येतात. दुसरं म्हणजे स्थानिक पेपर. संचार असो, तरुण भारत असो नाहीतर मोठ्या पेपरांची सोलापूर पानं असोत, आतल्या पानावर चार ओळींची बारकी बातमी असते, 'प्रवेशिका पाठवण्याचे आवाहन' अशी, ती नजरेत यायला हवी. पुरस्कार दिल्याची बातमी मोठी आणि फोटोसकट येते, मागवल्याची बारीक येते, त्यामुळं डोळ्यांना बारीक बातमीची सवय लावा.

तिसरं, हुतात्मा स्मृती मंदिर आणि डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह या दोन ठिकाणी काय चाललंय याच्यावर लक्ष ठेवा. कार्यक्रम आपल्या कामाचा नसला तरी जाऊन बसा, आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत बसा बे, मधेच चहाला पळू नका! पुढच्या स्पर्धेची, पुढच्या संमेलनाची घोषणा नेमकी आभाराच्या आधी होते तेव्हा अर्धं सभागृह पार्किंगमध्ये असतं.

चौथं म्हणजे महाराष्ट्र साहित्य परिषद. परिषद १९०६ सालची, मुख्यालय पुण्यात, आणि आपल्याकडं शहरात शाखा आहे, जुळे सोलापूरची वेगळी शाखा आहे, जिल्ह्यातही शाखा आहेत. सभासद व्हा. सभासद झाल्यानं कविता सुधारत नाही हे खरं, पण निवेदनं वेळेत हातात पडतात आणि चार लिहिणारी माणसं तोंडओळखीची होतात. विद्यापीठातल्या आणि कॉलेजांतल्या मराठी विभागांची चर्चासत्रं, कार्यशाळा चालू असतात, त्यातल्या काही बाहेरच्यांनाही खुल्या असतात, विचारायला लाजू नका. आकाशवाणी सोलापूर केंद्राला तर हल्ली कुणी विचारतच नाही याचं मला आश्चर्य वाटतं, काव्यवाचनासाठी साध्या कागदावर अर्ज, सोबत चार-पाच कविता आणि तुमची माहिती एवढं देऊन या, बोलावणं आलं तर मानधनही मिळतं.

आता ग्रुपांचं. ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही, पण दोन-तीनच ठेवा, बाकी म्यूट. आणि आलेलं निवेदन लगेच पुढं ढकलू नका, आधी वाचा, कारण यातली निम्मी निवेदनं गेल्या वर्षीची असतात. '३१ जुलैपर्यंत पाठवा' लिहिलेलं असतं पण कुठल्या वर्षीची ३१ जुलै ते नसतं! म्हणून पहिल्यांदा वर्ष शोधायचं. मग आयोजक कोण, संस्थेचा पत्ता आहे का, का नुसता एक मोबाईल नंबर आणि गुगल फॉर्म. मग फी आहे का. मग साहित्य 'अप्रकाशित' हवं का, आणि इथं नीट ऐका, फेसबुकवर टाकलेली कविता बरेच संपादक प्रकाशितच धरतात, तेव्हा जी स्पर्धेला किंवा अंकाला द्यायची ती आधी भिंतीवर टाकायची नाही, चार लाइक कमी पडतील, पडू देत. शेवटी मूळ निवेदनातल्या नंबरवर एक फोन करायचा. 'नमस्कार सर, यंदाचं निवेदन आहे ना, तारीख वाढलीय का' एवढंच विचारायचं. तारीख बहुतेक वेळा वाढलेली असते, पण त्या भरवशावर राहायचं नाही.

फीच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण नवीन पोरं-पोरी इथंच फसतात. 'राज्यस्तरीय', 'राष्ट्रीय', हल्ली तर 'आंतरराष्ट्रीय काव्यरत्न पुरस्कार' असा मेसेज येतो, तुमची निवड झालीय म्हणून. तुम्ही तर काहीच पाठवलेलं नसतं! मग खाली नोंदणी शुल्क, सन्मानचिन्हाचा खर्च, मान्यवरांसोबत फोटो, सगळ्याचा हिशोब. हा पुरस्कार नव्हे, ही खरेदी आहे. घ्यायची तर घ्या, पैसे तुमचे, फक्त परिचयात लिहू नका, कारण वाचणाऱ्या संपादकाला या नावांची यादी तोंडपाठ असते आणि तो मनातल्या मनात हसतो.

'प्रातिनिधिक कवितासंग्रह' हा त्याचाच भाऊ. शंभर कवी, प्रत्येकाकडून ठराविक रक्कम, बदल्यात दोन प्रती आणि एक प्रमाणपत्र. सगळेच प्रातिनिधिक संग्रह वाईट असतात असं नाही, काही संपादक खरंच निवडून घेतात, पण ओळखायची खूण सोपी आहे. विचारा, 'किती कविता नाकारल्या?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथं निवड नाही, नुसती भरती आहे. स्पर्धेला थोडी प्रवेश फी असणं वेगळं, परीक्षकांचा आणि टपालाचा खर्च असतो, ते मला चालतं, पण निकालानंतर पैसे मागणाऱ्यांना लांबनंच नमस्कार.

खरे पुरस्कार आपल्याच गावात आहेत की. भैरुरतन दमाणी साहित्य पुरस्कार, लोकमंगल साहित्य पुरस्कार हे सोलापुरातनं दिले जातात आणि त्यांची दखल राज्यभर घेतली जाते. यांची निवेदनं आली की तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिलं तरी चालतं, उलट तिथं जास्त दिसतं.

कॅलेंडर म्हटलं तर वर्षाचा साधारण अंदाज देतो. जानेवारीत गड्डा यात्रा, सगळं शहर सिद्धेश्वराच्या अवतीभवती असतं, पण त्याच दिवसात १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, शाळा-कॉलेज-ऑफिसांना कवी हवे असतात आणि ऐनवेळी सापडत नाहीत. तुम्ही डिसेंबरातच ओळखीच्या मुख्याध्यापकांना सांगून ठेवा. तेच २७ फेब्रुवारीचं, मराठी भाषा गौरव दिनाला एकेका कवीला तीन-तीन बोलावणी असतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. आणि अखिल भारतीय साहित्य संमेलन जिथं असेल तिथं कविकट्टा असतो, त्यासाठी कविता आधी मागवतात, निवड होते, निमंत्रित नसलेल्यांना संमेलनाच्या मांडवात वाचायची ती हक्काची जागा. २००६ ला संमेलन आपल्याच गावात झालं होतं, मारुती चितमपल्ली अध्यक्ष, ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा माहोल काय होता.

दिवाळी अंक हा मात्र वर्षातला सगळ्यात मोठा सीझन, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेला. लोक गणपती बसल्यावर जागे होतात. तोपर्यंत बरेच अंक लागलेले असतात, म्हणजे पानं ठरलेली असतात. जून-जुलैत पाठवा, फार तर ऑगस्टचा पहिला आठवडा. आणि मोठ्या अंकांच्याच मागं धावू नका, सोलापुरात, पंढरपुरात, बार्शीत निघणारे छोटे अंक नवीन नावाला जास्त जागा देतात. मानधन देणार का हे आधी विचारलं तर कुणी खात नाही, नाही म्हणतील एवढंच.

पाठवायची पद्धत. वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवू नका, हात जोडून सांगतो. युनिकोडमध्ये टाइप करा, मोबाईलवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत करून घेतलं की समोरच्याकडं तो फाँट नसला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही द्या, पीडीएफमुळं ओळी कुठं तुटतात ते संपादकाला कळतं. फाइलचं नाव 'कविता फायनल नवीन' असं नको, तुमचं नाव आणि कवितेचं नाव. तीन ते पाच कविता पुष्कळ झाल्या, चाळीस पाठवून 'यातली आवडेल ती घ्या' म्हणजे निवडायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात. मेलचा मजकूर साधा ठेवा, असा:

'सप्रेम नमस्कार, आपल्या दिवाळी अंकासाठी तीन कविता सोबत जोडल्या आहेत. कविता स्वतःच्या व अप्रकाशित आहेत, अन्यत्र पाठवलेल्या नाहीत. निर्णय कळवावा ही विनंती.' खाली नाव, पत्ता, फोन. झालं.

'अन्यत्र पाठवलेल्या नाहीत' हे लिहिलं तर ते पाळायचं पण. एकच कविता दोन अंकांत आली तर दोन्ही संपादक पुढच्या वर्षी तुमची मेल उघडत नाहीत. उत्तर नाही आलं तर दीड-दोन महिन्यांनी एक आठवण, मग कळवून काढून घ्या आणि दुसरीकडं द्या. रोज फोन नको.

पहिलं पुस्तक काढायचंय त्यांनी स्वतःच्या खिशात हात घालायच्या आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. ज्यांचं याआधी एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच ती आहे, हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान. म्हणजे घाईत चाळीस पानांचं पुस्तक स्वतः छापून घेतलंत की हा दरवाजा कायमचा बंद, आधी हे करून बघा मग ते. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. कॉपीराइटचं रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, लिहिलं की हक्क तुमचाच, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. करायचंच असेल तर साहित्यकृतीला सरकारी फी ५०० रुपये आहे.

पुस्तक आल्यावर राज्य शासनाचे स्व. यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार असतात, त्यात पहिल्या कवितासंग्रहासाठी वेगळा बहिणाबाई चौधरी पुरस्कार आहे, म्हणजे तुमची स्पर्धा दिग्गजांशी नाही. इथं कॅलेंडर वर्ष मोजतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, अर्ज पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मागवतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना मुंबईला जायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात पुस्तक आणि अर्ज घेतात. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशनाचं वर्ष ठळक छापलंय का हे छपाईच्या आधीच तपासा. पस्तिशीच्या आतल्यांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, ५०,००० रुपयांचा, आणि तिशीच्या आतल्यांसाठी केंद्राची पीएम-युवा योजना, २०२१ ला सुरू झालेली, निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक. ती दरवर्षी येतेच असं नाही, म्हणून ती राबवणाऱ्या नॅशनल बुक ट्रस्टच्या साइटवर अधूनमधून डोकवायचं.

एक गोष्ट सोलापूरकर विसरतात. आपल्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू रोज कानावर पडतं, पुण्या-मुंबईच्या कवीला हे विकत मिळणार नाही. तुम्हाला घरची तेलुगू येत असेल, किंवा अक्कलकोटकडचे असाल आणि कन्नड येत असेल तर अनुवाद करा, चांगल्या अनुवादकांची संपादकांना कायम टंचाई असते आणि साहित्य अकादमीचा अनुवादासाठी वेगळा पुरस्कारही आहे. फक्त मूळ कवीची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवर 'हो' म्हटलेलं असलं तरी चालेल पण स्क्रीनशॉट जपून ठेवा. मुशायऱ्याला पण जाऊन बसा, शेर कसा सादर करायचा, दाद आली की पुन्हा कुठनं उचलायचं हे तिथं फुकटात शिकायला मिळतं.

कविसंमेलनाचं थोडक्यात: एक कविता सांगितलीय तर एकच, प्रास्ताविक नको, आणि स्वतःचं झालं की उठून जायचं नाही. संयोजक हे सगळं बघत असतात, पुढच्या यादीत नाव तिथंच ठरतं.

आता टपाल, कारण पुरस्काराला प्रती पाठवण्यातच अर्धे पैसे जातात. स्वस्तातलं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ ला बंद झालं, रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात गेलं. पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय, पुस्तकांसाठीच आहे, सुरुवात झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० असा दर होता, ट्रॅकिंगही मिळतं. काउंटरवर नाव घेऊन मागा, आपण होऊन कुणी सांगत नाही. पार्सल जमिनीवरनं जातं त्यामुळं सावकाश पोचतं, शेवटच्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी टाका, आणि आत पुस्तकासोबत अर्जाची झेरॉक्स ठेवलेली चालते का ते काउंटरवर आधी विचारा, पुस्तक आणि अर्ज वेगवेगळे झाले की कुणाचं काय ते तिकडं कुणालाच कळत नाही. उशीर झालाच असेल तर मग गुपचूप स्पीड पोस्ट.