सोलापूर ते तुळजापूर पायी: या चुका टाळा

कोजागरी जवळ आली की सोलापूरच्या रूपाभवानी मंदिरापासून तुळजापूर रस्त्याला माणसांची रीघ लागते. अंतर साधारण ४५ किलोमीटर. बहुतेक सपाट डांबरी रस्ता, शेवटी बालाघाटचा चढ आणि वर आई तुळजाभवानी. वाट चुकण्यासारखी नाहीच. तरीही दर वर्षी तामलवाडीच्या आसपास कडेला पाय धरून बसलेली माणसं दिसतात आणि त्यातली बहुतेक तरणीताठी असतात. साठी ओलांडलेल्या बाया मात्र पदर खोचून, गप्पा मारत एका लयीत पुढं जातात.

तरण्यांची चूक ठरलेली. रात्री अकराला जेवून निघायचं, 'उदो उदो'च्या जोशात हिप्परग्याच्या तलावापर्यंत जवळजवळ पळत जायचं, तिथं तासभर पाय पसरून बसायचं. घाम वाळतो, पोटऱ्या आखडतात, उठल्यावर पहिली शंभर पावलं लंगडत पडतात. मग लंगडणारा पाय वाचवताना सगळा भार दुसऱ्या पायावर येतो आणि तामलवाडीपर्यंत दोन्ही गुडघे बोलायला लागतात. साधा हिशेब करा. ताशी ४ किलोमीटर धरले तर नुसतं चालणंच अकरा तासांचं. विसाव्याचे तीन तास धरा, म्हणजे चौदा. रात्री अकराला निघालेला माणूस घाटाला लागतो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर असतं. त्यापेक्षा संध्याकाळी चार-पाचला निघा. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश चाला, दर तासाला दहा मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. सकाळी उन्हं तापायच्या आत घाट चढून होतो.

दुसरी चूक पायात असते. वारीसाठी म्हणून नवे बूट घेणाऱ्यांची कीव येते. ज्या बुटात किंवा चपलेत महिनाभर रोज तासभर चालला आहात, तेच घाला. फोड आधी कळवतो, मग येतो: टाचेवर किंवा अंगठ्याच्या बाजूला चुणचुण होते, जागा गरम लागते, कातडी लाल दिसते. घामाने मऊ झालेली कातडी मोज्यावर घासत असते. त्याच क्षणी थांबायचं. 'पुढच्या स्टॉलवर बघू' म्हणणाऱ्याचा पुढच्या स्टॉलपर्यंत रुपयाएवढा फोड झालेला असतो. मोजे काढा, पाय कोरडा पुसा, त्या जागेवर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा, कोरडे मोजे घाला. मोज्यांचे तीन जोड बरोबर हवेतच. निघताना बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन चोळा. आलेला छोटा फोड फोडू नका. मोठा असेल आणि चालणंच अशक्य असेल, तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, पण वरची कातडी ओढून काढू नका, तीच खालच्या जखमेचं पांघरूण असते. आणि मधुमेह असेल तर फोडाला स्वतः हात लावायचा नाही, वाटेतल्या वैद्यकीय मदतीच्या मंडपात जायचं.

अनवाणी जायचा नवस असेल तर तो पाळा, पण महिनाभर आधी पहाटे डांबरावर चालून तळवे तयार करा. उन्हं चढल्यावर अनवाणी चालणं टाळा. तळवे भाजून घेऊन नवस फेडावा, असं आईला नक्कीच वाटत नसेल.

तिथीचा गोंधळ तर दर वर्षीचा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निद्रेला जाते आणि अश्विन पौर्णिमेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर येते. 'गर्दीच्या आधी जाऊन येऊ' म्हणून दोन दिवस आधी पोचणाऱ्याला पलंगावरच्या देवीचं दर्शन होतं. तेही दर्शनच, पण सिंहासनावरचं रूप मनात धरून आलेला माणूस हिरमुसतो. त्यात कोजागरी रात्रीच्या तिथीवर धरतात, त्यामुळे सकाळची पौर्णिमा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी येते. घरच्या कॅलेंडरवर विसंबू नका, मंदिराची पौर्णिमा कधी आहे ते विचारूनच निघायची वेळ ठरवा. भाद्रपदात घटस्थापनेच्या आधी आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीही देवी निद्रेत असते, तेव्हा गाडीने जाणाऱ्यांनीही हे बघावं.

आता पायऱ्या. सगळे जण घाटासाठी ताकद राखून ठेवतात आणि वर पोचल्यावर सुटलो म्हणतात. पण मंदिर गावापेक्षा खोलगट जागी आहे, महाद्वारातून दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. रात्रभर चाललेल्या मांड्यांना चढापेक्षा उतार जड जातो, गुडघा एकदम दुमडतो. गोमुख आणि कल्लोळ तीर्थाजवळचा दगड पाण्याने ओला असतो, तिथं घसरून पडणारे सगळे थकलेले पदयात्रीच असतात. महाद्वारापाशी दहा मिनिटं बसा, कडेला धरून, आडवं पाऊल टाकत उतरा. पाठीमागून ढकलणाऱ्याला आधी जाऊ द्या.

खाण्याबद्दल एवढंच: वाटेत अन्नदानाचे मंडप पावलोपावली असतात, प्रत्येक ठिकाणी पोटभर खाल्लं की चालवत नाही. अर्धी थाळी पुरे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत असली तर कुठंच अडत नाही. पाणी तहानेची वाट न बघता घोटघोट प्या, मधून लिंबू-मीठ-साखरेचं. पिशवी तीन किलोंच्या वर नको. नारळ, ओटी तुळजापुरातच घ्या, ४५ किलोमीटर वाहून नेण्यात पुण्य नाही.

कोजागरीला या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, इतर पौर्णिमांना नसते. तेव्हा समोरून येणारी गाडी दिसेल अशा कडेने चाला, अंगात पांढरा कपडा आणि हातात बॅटरी हवी.

तामलवाडीपर्यंत मोटारसायकलवर येऊन पुढं पायी जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. प्रकृतीमुळे असेल तर समजू शकतो. केवळ घाई म्हणून असेल तर सरळ एसटीने या, तासा-दीड तासात पोचाल. रांगेत 'लवकर दर्शन करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका.

परतताना रात्रभर जागलेल्याने दुचाकी चालवू नये. एसटीत बसण्याआधी पाच मिनिटं हळू चाला, नाहीतर सोलापूरला उतरताना पाय उचलत नाहीत.