गाडी भरता-उतरवताना माणूस पडतो कुठून? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग लागते आणि घाई सुरू होते. पोत्यांच्या थप्पीच्या टोकावर हमाल जपून पाय टाकतो, कारण तिथं भीती डोळ्यांसमोर असते. धोका खरा आहे तो हौद्याच्या, म्हणजे गाडीत माल ठेवायच्या भागाच्या, मागच्या कडेला. ही उंची जेमतेम चार-पाच फूट, म्हणून तिला कुणी मोजतच नाही. पण पाठीमागं पडणाऱ्याला हात टेकायला सवड मिळत नाही, डोकं थेट काँक्रीटवर आदळतं.

कडेकडे पाठ करून हूक ओढणं

उतराईतली सगळ्यात वाईट सवय ही. पोत्यात हूक अडकवायचा आणि मागं झुकून हिसका द्यायचा. बारदान जुनं असलं की ते फाटतं, हूक मोकळा सुटतो आणि अंगाचा सगळा जोर मागं जातो. मागचा फाळका, म्हणजे हौद्याची उघडणारी फळी, तर उघडाच असतो. म्हणून दाराजवळची पोती खाली उभं राहून किंवा धक्क्यावरूनच, म्हणजे माल उतरवायच्या ओट्यावरूनच, काढा. हौद्यात दोन माणसं नीट उभी राहतील एवढी जागा झाली की मग वर चढा. ओढताना कडेला समांतर उभं राहा, म्हणजे तोल गेलाच तर माणूस बाजूच्या फाळक्यावर आदळेल, बाहेर जाणार नाही. पोत्याचे कान धरता येत असतील तर हूक नकोच.

पॉलिश केलेली हळद सांडली असेल तर हळकुंडं पायाखाली घरंगळतात. गाडी अर्धी झाली की एकदा झाडू फिरवा. बेदाण्याचं दुखणं वेगळं. 15 किलोचा बॉक्स हलका वाटतो, म्हणून गडी एकावर एक तीन घेतो आणि समोरची कड त्याला दिसतच नाही. कडेपासून हातभर आत पिवळा पट्टा मारला तरी फरक पडतो, पण बॉक्स कमी घेणं हाच खरा इलाज.

फाळका उघडताना

माल प्रवासात सरकून फाळक्यावर रेललेला असतो. समोर उभं राहून खिट्टी काढली तर फाळका आणि पोती एकदमच अंगावर. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून खिट्ट्या काढा. साखळीवर आडव्या टांगलेल्या फाळक्यावर उभं राहून माल घेऊ नका, ती साखळी किती गंजलीय ते कुणी पाहिलेलं नसतं.

ताडपत्री आणि 'पट्टा लावलाय की'

ताडपत्री ओढत उलट चालत जाणं म्हणजे कड पायानं शोधणं. वारा असला की ताडपत्री माणसालाच ओढते. जमेल तेवढं काम खालून दोरीनं करा, वर जावंच लागलं तर मालाच्या मधोमध राहा आणि वाऱ्यात थांबा.

एमआयडीसीतले काही सुपरवायझर सेफ्टी बेल्ट देऊन मोकळे होतात. बेल्टची दोरी साधारण 1.8 मीटरची, आणि गडी ती बांधतो ताडपत्रीच्याच दोरखंडाला. हौद्यावरून पडला तर दोरी ताणली जाण्याआधीच तो जमिनीवर असतो. डोक्यावर पक्का आधार असेल तरच बेल्टला अर्थ आहे, नाहीतर कठडा असलेली चाकांची शिडी कितीतरी बरी.

चढणं, उतरणं, फळी

टायरवर पाय देऊन चढू नका, उडी मारून उतरू नका. गाडीकडे तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात टेकवूनच उतरा. धक्का आणि गाडी यांच्यामधली फळी नुसती टेकवलेली असेल तर ती सरकते. खाली आडवी पट्टी ठोकून तिला अडकवा. उसाच्या ट्रॉलीवर मोळी डोक्यावर घेऊन फळीनं चढणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू, कारण पाचटानं फळी आधीच निसरडी झालेली असते.

गाडी हलणं

शेवटचं पोतं निघायच्या आत ड्रायव्हर गाडी पुढं घेतो, हे नेहमीचंच. हाळी देऊन भागत नाही, इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. चाकांना टेकण लावा आणि किल्ली मुकादमाच्या खिशात ठेवा. नुसता ट्रेलर सोडून इंजिन गेलं असेल आणि आत फोर्कलिफ्ट जाणार असेल, तर पुढच्या पायांखेरीज ट्रेलरच्या नाकाखाली, म्हणजे पुढच्या टोकाखालीही, जॅक हवा, नाहीतर ट्रेलर पुढं कलंडू शकतो.

आणि कुणी पडलाच तर त्याला धरून उभं करायची घाई करू नका, पाणीही पाजू नका. मान न हलवता आहे तसा राहू द्या आणि 108 ला फोन लावा.