लूप दिसेना, कारण लेसरच होता
पाच थरांच्या मँगनीज बिस्मथ टेल्युराइड या चुंबकीय पदार्थावर केर रोटेशन, म्हणजे चुंबकित पृष्ठभागावरून परतताना प्रकाशाचं ध्रुवण किती वळतं ते, मोजत होतो. शेजारचे थर एकमेकांचं चुंबकत्व रद्द करतात; थर विषम, म्हणजे एका थराचं चुंबकत्व शिल्लक राहतं. चुंबकक्षेत्र वाढवताना आणि कमी करताना आलेख वेगळ्या वाटेने जायला, म्हणजे हिस्टेरेसिस लूप दिसायलाच हवा. दिसत होती नुसती तिरकी रेघ. थर्मामीटर ५ केल्विन दाखवत होता, म्हणून दोन दिवस मी नमुन्यालाच दोष दिला. पण ते तापमान नमुना ठेवलेल्या स्टेजचं, लेसर तापवत असलेल्या ठिपक्याखालचं नव्हे! या पदार्थाची चुंबकीय क्रमव्यवस्था साधारण २५ केल्विनलाच मोडते. लेसरची शक्ती शंभरपट कमी केली, क्षीण झालेला सिग्नल टिपायला लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरचा टाइम कॉन्स्टंट (सरासरी घेण्याचा वेळ) वाढवला आणि लूप उघडला. केवढा आनंद झाला! तिरकी रेघ मात्र तशीच राहिली. ती होती चुंबकक्षेत्रात बसलेल्या ऑब्जेक्टिव्ह भिंगाच्या काचेतल्या फॅरेडे परिणामाची, म्हणजे काचेतून जातानाच चुंबकक्षेत्रामुळे ध्रुवण वळण्याची. नमुन्याशेजारच्या कोऱ्या सब्स्ट्रेटवर (नमुन्याखालच्या आधारपट्टीवर) तेच मोजमाप घेऊन वजा केली.