अमेरिकेत घर घेताना विक्रेत्याला पत्र लिहिताय?

आपलीच ऑफर निवडली जावी म्हणून सोबत पत्र जोडण्याआधी, असं पत्र चालेल का हे आपल्या एजंटला विक्रेत्याच्या एजंटकडे विचारायला लावा. विक्रेत्यांचे अनेक एजंट अशी पत्रं पुढे देतच नाहीत. कारण १९६८चा फेअर हाउसिंग कायदा: वंश, धर्म, मूळ देश, मुलंबाळं यांवरून खरेदीदार निवडणं बेकायदा आहे. त्यामुळे ‘दिवाळीत इथे आकाशकंदील लावू’, ‘मुलं अंगणात खेळतील’ अशी वाक्यं आणि कुटुंबाचा फोटो गाळाच. घराबद्दल लिहा: जपलेली लाकडी जमीन, परसातलं सफरचंदाचं झाड. आठ-दहा ओळी पुरेत. ‘हेच घर हवं, कितीही देऊ’ असं चुकूनही नको; घासाघीस तिथेच संपते. पत्रापेक्षा वजन पडतं ते कर्जाच्या प्री-अप्रूव्हलचं (बँकेच्या आगाऊ प्राथमिक मंजुरीचं) आणि विक्रेत्याच्या सोयीच्या ताब्याच्या तारखेचं, तेव्हा आधी ती तयारी करा.