जुन्या मारुती ८०० चं आयडलिंग बिघडलंय? आधी चोरटी हवा शोधा

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरतं, रेस आपोआप खाली-वर होते, एसी लावला की गाडी बंद. गॅरेजमध्ये नेली तर बहुतेक वेळा आधी कार्बोरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मिक्स्चर स्क्रू, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, फिरतो. चार दिवस बरं चालतं आणि मग ये रे माझ्या मागल्या. माझं मत स्पष्ट आहे: त्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

इथे कार्बोरेटरवाली मारुती ८०० धरली आहे, ७९६ सीसी आणि तीन सिलिंडरची. ओम्नीलाही हेच लागू.

आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थ्रॉटलचा बटरफ्लाय (हवेची वाट अडवणारी झडप) जवळजवळ बंद असतो, पण पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम (हवेची ओढ) जोरात असतो. एखाद्या फटीतून तिथे हवा शिरली तर ती कार्बोरेटरच्या हिशोबात नसते, तिच्या वाटणीचं पेट्रोल मिळत नाही आणि मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम उतरतो आणि ती गळती किरकोळ ठरते. म्हणून उभी असताना थरथरणारी गाडी हायवेला छान पळत असेल, तर संशय हवेवर. उलट वेगाबरोबर मिसिंग (मध्येच ठोका चुकणं) वाढत असेल तर प्लग, वायर, पेट्रोलचा फिल्टर आणि पंप बघा.

इंजिन पूर्ण गरम करा, चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडा आहे ना बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळी. रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक आहे, तो मध्येच फिरायला लागतो. हात आणि ओढणी लांब ठेवा.

आता कान लावा. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं की फुसफुस नेमकी कुठून येते ते कळतं. मग व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पकडीने हलकेच चिमटा. एखादा चिमटल्यावर आयडलिंग एकदम सुधारलं, तर चोर त्याच फांदीवर. जुनं रबर टोकाशी कडक होऊन चिरतं. पाइप लांबीला पुरत असेल तर तेवढं टोक कापून पुन्हा बसवा. नवा टाकताना पाण्याची मऊ नळी वापरू नका, ती ओढीने आत चपटी होते. पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ओढणारी) नळी चिमटल्यावर आयडल थोडं पडणं मात्र स्वाभाविक आहे.

ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर तो नक्की तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबूनच ठेवून स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, किंवा ब्रेक दाबताच आयडल बदलत असेल, तर दुरुस्तीपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

सगळ्यात फसवी जागा कार्बोरेटरच्या बुडाची. नट जास्त आवळले की फ्लँज (जोडाची सपाट कड) वाकतो आणि पॅकिंग नवं असूनही हवा खेचतो. तिथे आणि मॅनिफोल्डच्या जोडावर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी फटीत बसल्यावर क्षणभर आवाज किंवा रेस बदलते. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी कोरड्या ठेवा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रेही लोक मारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून बघा. खडखडला तर झीज आहे, पॅकिंग बदलून काही होणार नाही.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर मॅनिफोल्डच्या पाइपला जोडा. समुद्रसपाटीला ठणठणीत इंजिन आयडलला पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दाखवतं, काटा स्थिर. दर हजार फुटांना सुमारे १ इंच वजा, म्हणजे पुण्यात जवळपास २ आणि महाबळेश्वरला ४ इंच कमी. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेला टायमिंग (प्लगची ठिणगी उशिरा पडणं). ठराविक अंतराने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा प्लग. रेस धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर चोंदलाय.

हवा बंद झाली की मग मिक्स्चर स्क्रू. किती आटे आत जातो ते मोजून ठेवा, टेकला की थांबा. आवळलात तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला खाच पडते. पुन्हा तितकेच आटे बाहेर काढून इंजिन सुरू करा, रेस सर्वांत चढेल तिथपर्यंत हळूहळू फिरवा आणि आयडल स्क्रूने ती खाली आणा. दोन्ही एकदा पुन्हा करा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) चोंदलाय, किंवा गळती अजून शिल्लक आहे.

मग पीयूसी काढा आणि पावती वाचा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त असेल तर मिश्रण अजून घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे. सीओ कमी पण एचसी (हायड्रोकार्बन) चढलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. पुन्हा नळी कानाला लावा.